नकाशात नसलेल्या गावांची रेकी

दिवस पहिला : ऑकलंड ते माटामाटा

ऑकलंडहून दक्षिणेकडे निघालो तेव्हा माझ्या वहीत सहा ठिकाणांची नावे होती आणि त्यांपैकी एकही ठिकाण गाडीतल्या नकाशाला ठाऊक नव्हते. शायर, मॉर्डोर, रिव्हेन्डेल, हेल्म्स डीप, मिनास टिरिथ आणि एडोरास ही जे. आर. आर. टोल्किन यांनी कागदावर वसवलेली ठिकाणे आहेत. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या त्यांच्या कादंबरीवरचे पीटर जॅक्सन यांचे तीन चित्रपट २००१, २००२ आणि २००३ साली आले. तिन्हींचे मुख्य चित्रीकरण मात्र ११ ऑक्टोबर १९९९ ते २२ डिसेंबर २००० या काळात, २७४ दिवस, न्यूझीलंडमधल्या दीडशेहून अधिक जागी एकत्रच झाले.

मी चित्रपटांच्या कलाविभागात काम करते. एका मराठी बालकादंबरीवरच्या अद्भुत चित्रपटासाठी स्थळे शोधण्याची, म्हणजे रेकीची, जबाबदारी यंदा माझ्याकडे आली आहे आणि त्याबद्दल मला मिळालेली सूचना एका ओळीची आहे : "कुठेच नसलेले गाव हवे." ऑकलंडला राहणाऱ्या माझ्या थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, नोव्हेंबरात आठवडाभर रजा काढायची तयारी दाखवली, तेव्हा हे काम ज्यांनी मोठ्या प्रमाणावर करून दाखवले त्यांच्या वाटेने एकदा जाऊन यावे असे मी ठरवले.

माटामाटा हे वायकाटो प्रांतातले गाव ऑकलंडपासून दोन तासांवर आहे. गावाबाहेरच्या अलेक्झांडर कुटुंबाच्या मेंढ्यांच्या फार्मवर, सुमारे १,२५० एकरांच्या मालकीतल्या एका कोपऱ्यात, हॉबिट नावाच्या बुटक्या लोकांच्या शायर प्रदेशातले हॉबिटन हे गाव उभे आहे. १९९८ साली निर्मात्यांच्या माणसांनी विमानातून या भागाची पाहणी केली, तेव्हा त्यांना गोलसर हिरव्या टेकड्या, एक तळे आणि तळ्याकाठचे पाइनचे एक थोरले झाड दिसले. कादंबरीतल्या वाढदिवसाच्या मेजवानीला असेच एक झाड लागते. तरीही मला वाटते की या जागेची निवड तिथे असलेल्या गोष्टींइतकीच नसलेल्या गोष्टींमुळे झाली, कारण त्या खोलगट भागातून चहूकडे पाहिले तरी विजेचा खांब, डांबरी रस्ता किंवा दुसरे घर दिसत नाही. सातारा जिल्ह्यातल्या चाळकेवाडीच्या पठारावर आम्ही एकदा अशीच जागा शोधायला गेलो होतो. पठार अप्रतिम होते, पण कॅमेरा कोणत्याही बाजूला वळवला तरी फ्रेममध्ये पवनचक्क्या येत होत्या आणि आमच्या कथेतल्या राजाच्या काळात पवनचक्क्या नव्हत्या.

जिथे रस्ता नाही तिथे युनिट पोहोचत नाही, ही याच गुणाची दुसरी बाजू आहे. इथे तो प्रश्न न्यूझीलंडच्या लष्कराने सोडवला. मार्च १९९९मध्ये काम सुरू झाले आणि जवानांनी दीड किलोमीटरचा रस्ता आत नेला. मग टेकड्यांच्या उतारांत ३९ हॉबिट-घरे कोरली गेली. ती तात्पुरती होती, लाकडी सांगाडा, प्लायवूड आणि थर्मोकोल यांची. चित्रीकरण संपल्यावर सेट पाडायला घेतला, पाऊस आला, काम थांबले आणि १७ घरांचे उघडेबोडके दर्शनी भाग मागे राहिले. ते पाहायला लोक येऊ लागले म्हणून २००२ साली सहली सुरू झाल्या. आज दिसणारी ४४ घरे नंतरच्या 'द हॉबिट' चित्रपटांच्या वेळी पक्क्या सामानात बांधलेली आहेत.

घरांच्या रंगीत गोल दारांसमोर पर्यटक फोटो काढत होते, मी मात्र बराच वेळ सर्वांत वरच्या घरावरच्या ओक वृक्षाखाली उभी राहिले. डोंगरमाथ्याला वय द्यायला एक जुने झाड हवे होते. पहिल्या चित्रपटांसाठी माटामाटाजवळचा एक ओक तोडून, प्रत्येक फांदीला क्रमांक देऊन, २६ टनांचे ते झाड इथे आणून बोल्टांनी जोडले आणि तैवानहून मागवलेली कृत्रिम पाने एकेक करून तारेने त्याला बांधली. आमच्या मार्गदर्शक मुलीने आणखी एक गोष्ट सांगितली. मुले प्लमच्या झाडाखाली बसून फळे खातात असे पुस्तकात एका ओळीत येते. प्लमचे झाड फार मोठे होते म्हणून इथे दुसरी लहान झाडे लावली आणि त्यांची पाने-फळे काढून त्यांवर प्लमची लावली. वाचकाने मनात पाहिलेल्या झाडाचा एवढा मान राखणे मला आवडले.

दारांची मापे एकसारखी नाहीत. मोठ्या दारापुढे उभा असलेला माणूस बुटका वाटतो आणि लहान दारापुढचा तोच माणूस उंच, म्हणून एकाच गावात दोन्ही मापांची घरे आहेत. दारे उघडून मात्र त्या काळी आत काही नव्हते, कारण घरांचे अंतर्भाग वेलिंग्टनच्या स्टुडिओत बांधले होते. स्थळाकडून काय घ्यायचे आणि स्टुडिओत काय करायचे, हा हिशोब रेकीच्या दिवशीच मांडावा लागतो.

परतताना दादा म्हणाला, "अगं, हे सगळे इंग्लंडसारखेच दिसते, मग इंग्लंडात का नाही केले?" टोल्किन यांच्या शायरचे मूळ खरोखरच इंग्लंडात, बर्मिंगहॅमजवळच्या सेअरहोल या खेड्यात आहे. लहानपणी, १८९६ ते १९०० या काळात, ते तिथे राहत होते. ते खेडे पुढे शहराने गिळले. इकडे वायकाटोत एकोणिसाव्या शतकात वसाहतवाल्यांनी जंगल तोडले, दलदली उपसल्या आणि इंग्लंडचे गवत पेरले. आपल्या डोळ्यांना निसर्ग म्हणून जे निवांत हिरवेपण दिसते, ते असे दीडशे वर्षांपूर्वी माणसाने आणून लावलेले आहे. हे समजल्यावर तो रम्य उतार मला थोडा वेगळा दिसू लागला आणि तसा दिसावा हेच योग्य आहे.

दिवस दुसरा : माटामाटा ते फाकापापा

दिवस प्रवासातच गेला. टाउपो सरोवराच्या काठाने येताना पाऊस लागला आणि संध्याकाळी टोंगारिरो राष्ट्रीय उद्यानात पोहोचलो तेव्हा तिथले टोंगारिरो, न्गाउरुहोए आणि रुआपेहू हे तिन्ही पर्वत ढगांत होते. उजेड होता तेवढ्यात ताव्हाइ धबधबा पाहिला. गोलम हे पात्र मासे धरते तो हा डोह. हमरस्त्यापासून दहा मिनिटे पायी, धबधबा जेमतेम १३ मीटर उंच. पडद्यावर ही जागा जगापासून तुटलेली, गुप्त अशी वाटते. मी वहीत अंतर लिहिले आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

दिवस तिसरा : टोंगारिरो

पहाटे आकाश धुऊन निघाले होते. न्गाउरुहोए हा २,२९१ मीटर उंचीचा शंकू समोर उभा होता, माथ्यावर उशिराचा बर्फ, खाली काळी राख. चित्रपटातल्या ज्वालामुखीचे, माउंट डूमचे, दूरचे रूप याच शंकूवरून घडले.

हा पर्वत माओरी लोकांच्या न्गाटी तूफारेटोआ या जमातीचा पूर्वज आहे. पूर्वज 'मानला जातो' असे मी लिहिणार होते, पण तिथले माहितीफलक वाचल्यावर तो शब्द खोडला, कारण त्यांच्या दृष्टीने ते नाते आहे. १८८७ साली या जमातीचे प्रमुख होरोनुकू ते हेउहेउ टुकिनो यांनी ही शिखरे तुकड्या-तुकड्यांनी विकली जाऊ नयेत म्हणून राष्ट्राच्या स्वाधीन केली आणि त्यातून न्यूझीलंडचे पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. १९९० साली निसर्गासाठी आणि १९९३ साली सांस्कृतिक भूदृश्य म्हणून ते जागतिक वारशाच्या यादीत आले. त्या दुसऱ्या वर्गात जगातले पहिले नाव याच जागेचे आहे.

शिखर पवित्र असल्यामुळे चित्रपटवाल्यांनी माथ्यावर चित्रीकरण केले नाही. लांबून दिसणाऱ्या शंकूत संगणकावर बदल केले, उतारावरची दृश्ये शेजारच्या रुआपेहू पर्वतावर घेतली आणि ज्वालामुखीचे पोट स्टुडिओत उभे केले. रुआपेहूच्या फाकापापा भागातले काळे, तुटक खडक हे मॉर्डोर, म्हणजे कथेतल्या दुष्ट शक्तीचा प्रदेश, झाले आणि पहिल्या चित्रपटाच्या सुरुवातीची लढाईही इथेच झाली. त्या खडकांवर शेवाळ आणि बुटक्या वनस्पती असतात. पायाखाली गेल्या तर त्या परत यायला वर्षे लागतात, म्हणून युनिटने ये-जा करण्याच्या जागी गालिचे अंथरले होते. हिवाळ्यात हाच उतार स्कीइंगचे मैदान असतो, त्यामुळे वरपर्यंत पक्का रस्ता आणि गाड्या लावायला प्रशस्त जागा आहे. मी वाहनतळापासून चालत निघाले आणि दहाव्या मिनिटाला माझ्या चारही बाजूंना मॉर्डोर होते.

सकाळभर मी खडकांची रेखाटने केली आणि मनात आमच्याकडचा प्रश्न घोळत होता. सह्याद्रीत जागा पाहायला जातो तेव्हा आम्ही वनखात्याची, ग्रामपंचायतीची, किल्ला असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी विचारतो. देवराईच्या बाबतीत मात्र कागदावरची परवानगी मिळाली तरी विचारायचे उरतेच. काही वर्षांपूर्वी एका देवराईत काम करताना आमच्यातल्या कोणी तरी वाळलेली फांदी मोडून चुलीला लावली. गावातल्या एका आजींनी ते पाहिले, त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. तिथून एक काडीही न्यायची नसते, हे आम्ही आधी विचारायला हवे होते. न्गाउरुहोएचा माथा चित्रपटात नाही आणि तरीही ज्यांनी ते चित्रपट पाहिले त्यांच्यापैकी कोणालाही तो नसल्याचे जाणवले नाही, हे मला या प्रवासातले सर्वांत मोलाचे ज्ञान वाटते.

दुपारी वारा इतका वाढला की चालणे अवघड झाले. दादाने गाडीतून थर्मासमधला चहा आणि वहिनीने दिलेले मेथीचे ठेपले काढले.

दिवस चौथा : डेझर्ट रोडने वेलिंग्टन

उद्यानाच्या पूर्वेला रंगीपोचे वाळवंट आहे. ते खरे वाळवंट नव्हे, तिथे पाऊस पुरेसा पडतो. ज्वालामुखीची राख आणि सततचा वारा यांमुळे तिथे झाडे रुजत नाहीत. देशाचा महामार्ग क्रमांक १ याच भागातून जातो आणि आजूबाजूची जमीन लष्कराच्या सरावाची असल्यामुळे रस्ता सोडून उतरता येत नाही. मॉर्डोरच्या काळ्या दरवाजासमोरची शेवटची लढाई इथे चित्रित झाली. सरावातले न फुटलेले दारूगोळे जमिनीत असू शकतात, म्हणून आधी लष्कराने जागा तपासून दिली, आणि पडद्यावरच्या सैन्यात न्यूझीलंडचे खरे जवान उभे राहिले. लष्कराची जमीन म्हणजे घरे नाहीत, तारा नाहीत, फिरस्ते नाहीत. तेच पाहिजे असते, फक्त ते मिळवायला थेट सरकारशी बोलता आले पाहिजे.

पुढे वेलिंग्टनपर्यंत गाडीत मी झोपले.

दिवस पाचवा : वेलिंग्टन आणि परिसर

आज तीन जागा पाहायच्या होत्या आणि तिन्ही शहरापासून तासाभराच्या आत होत्या. या प्रवासात सर्वांत जास्त मी आजच शिकले, कारण आज सुंदर म्हणावे असे फार थोडे पाहिले.

माउंट व्हिक्टोरिया ही १९६ मीटरची टेकडी शहराच्या मधोमध आहे. ११ ऑक्टोबर १९९९ रोजी चित्रीकरणाचा पहिला दिवस इथे झाला. काळा घोडेस्वार येतो आणि चार हॉबिट रस्त्याकडेच्या मुळांखाली लपतात, ते दृश्य इथल्या पाइनच्या झाडीतले. वाट इतकी साधी आहे की पाटी नसती तर आम्ही तिच्यावरून पुढे निघून गेलो असतो. ज्या झाडाखाली ते लपले ते झाड कलाविभागाने बनवले होते, त्यामुळे आज तिथे फक्त खळगा आहे. आम्ही उभे होतो त्या अर्ध्या तासात सकाळी पळायला आलेली माणसे, कुत्री फिरवणारी माणसे आणि डोक्यावरून विमानतळाकडे उतरणारी विमाने आली. मिरामार उपनगरातला त्यांचा स्टुडिओही विमानतळाच्या जवळच होता आणि चित्रपटातला बराचसा संवाद नंतर पुन्हा ध्वनिमुद्रित करावा लागला. जागा निवडताना डोळ्यांना कान गहाण टाकावे लागतात, हा सौदा त्यांनी जाणूनबुजून केला होता. कलाकार, घोडे, कपडेपट आणि कार्यशाळा शहरात असताना पहिल्याच दिवशी सगळ्यांना तीनशे किलोमीटर नेण्यापेक्षा दहा मिनिटांवरची झाडी नीट फ्रेम करणे अधिक शहाणपणाचे होते.

ड्राय क्रीक ही दगडाची खाण हट खोऱ्यात हमरस्त्याला लागून आहे. खाण चालू असल्याने आत जाता येत नाही, आम्ही रस्त्याच्या कडेला थांबून पाहिले. कापलेला करडा डोंगर, खडीचे ढीग, डंपर. या खाणीत हेल्म्स डीपचा किल्ला बांधला, महिनोन्‌महिने रात्रीची लढाई चित्रित केली आणि नंतर त्याच जागी मिनास टिरिथ या पांढऱ्या राजधानीचे रस्ते बांधले. सरळ उभा कडा, समोर ट्रक वळतील एवढी सपाट जमीन, कृत्रिम पाऊस पाडला तरी कोणाचे पीक बुडत नाही, आणि तोडफोड झाली तरी जागा आधीच तोडलेली. पुण्याच्या आसपासच्या सोडलेल्या खाणी मला एकेक करून आठवू लागल्या. मी दादाला म्हटले, "दादा, आपल्याकडे अशा जागा आपण तोंड फिरवून ओलांडतो." तो म्हणाला, "तू नाही ओलांडणार आता."

तिसरी जागा कायटोके. पाणीपुरवठ्यासाठी जपलेल्या हट नदीच्या वरच्या भागातले हे जुने वर्षावन आहे. नेच्यांच्या आणि बीचच्या झाडांत एल्फ लोकांच्या रिव्हेन्डेलचे मंडप उभे केले होते. आज तिथे एका कमानीची प्रतिकृती आहे, बाकी सर्व काढून नेलेले आहे. कड्यांवरून कोसळणारे धबधबे आपण पडद्यावर पाहतो ते प्रतिमांच्या जोडकामातून आले. इथून घेतला आहे तो फक्त पानांतून गाळून येणारा हिरवा प्रकाश. तो स्टुडिओत करता आला नसता असे मी म्हणणार नाही, पण तिथे तासभर बसल्यावर त्यासाठी इथवर येणे त्यांना का गरजेचे वाटले ते कळले.

रात्री दादाने विचारले की एवढे सगळे इथे असताना पुढची मालिका इथून का गेली. प्रश्न रास्त होता. टोल्किन यांच्याच जगावरच्या 'द रिंग्ज ऑफ पॉवर' या मालिकेचा पहिला हंगाम न्यूझीलंडमध्ये चित्रित झाला आणि ऑगस्ट २०२१मध्ये निर्मात्यांनी दुसऱ्या हंगामापासून ब्रिटनला जात असल्याचे जाहीर केले. डोंगर आणि नद्या होत्या तिथेच होत्या. त्याआधी २०१० साली 'द हॉबिट' देशाबाहेर जाईल या भीतीने सरकारने निर्मात्यांची सवलत वाढवली आणि चित्रपटकामगारांसाठीचा कामगार कायदाच बदलला, ज्यामुळे ते नोकरदार न ठरता कंत्राटदार ठरू लागले. स्थळ निवडणाऱ्यांच्या कोष्टकात उजेड, वारा, रस्ता यांच्याबरोबर करसवलत आणि मजुरी यांचेही रकाने असतात. मी स्वतः रोजंदारीवर सेटवर उभी राहिलेली आहे, त्यामुळे कामगारांचे हक्क कमी करून वाचवलेले दृश्य मला सुंदर म्हणता येत नाही.

दिवस सहावा : सामुद्रधुनी

सकाळच्या फेरीने कुकची सामुद्रधुनी ओलांडून साडेतीन तासांत पिक्टनला उतरलो आणि समुद्राच्या कडेने काइकोउरामार्गे रात्री क्राइस्टचर्चला पोहोचलो. चित्रपटात एकाच सलग वाटेचे म्हणून दाखवलेले अंतर प्रत्यक्षात एका बेटावर सुरू होऊन दुसऱ्यावर संपते. संकलनाच्या टेबलावर मधला समुद्र नाहीसा होतो, पण घोडे, तंबू आणि माणसे या समुद्रावरूनच न्यावी लागतात.

दिवस सातवा : माउंट संडे

माउंट सॉमर्स गावानंतर रस्ता तपकिरी माळांतून आत शिरतो, क्लिअरवॉटर तळ्याच्या पुढे तो कच्चा होतो आणि मग रांगीटाटा नदीचे खोरे एकदम समोर उघडते. त्या सपाट खोऱ्याच्या मधोमध ६११ मीटर उंचीची एकटी टेकडी आहे, हिमनदीने घासून गोल केलेली. आसपासच्या मेंढीफार्मांचे घोडेस्वार रविवारी तिच्यापाशी भेटत, म्हणून ती माउंट संडे. हेच एडोरास, घोडेस्वारांच्या राज्याची राजधानी. खरे घोडेस्वार इथे आधीच येऊन गेले होते, याचा मला आनंद झाला.

याच खोऱ्यात १८६०च्या सुमारास सॅम्युअल बटलर हा तरुण इंग्रज मेंढ्या पाळायला आला. पुढे १८७२ साली त्याने एका काल्पनिक देशावर 'एरेव्हॉन' ही कादंबरी लिहिली. 'कुठेच नाही' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाची अक्षरे उलटसुलट करून ते नाव केले आहे, आणि रस्त्याच्या टोकाच्या फार्मचेही नाव आज तेच आहे. माझ्या वहीच्या पहिल्या पानावरची सूचना मी पुन्हा वाचली.

एडोरासचा सेट बांधायला कित्येक महिने लागले, कारण वाऱ्यात टिकेल असे पोलादी सांगाडे खडकात रोवावे लागले. वर सोनेरी सभागृह, उतारावर घरे, पायथ्याशी वेस. सभागृहाचा अंतर्भाग पुन्हा वेलिंग्टनमध्येच. काम झाल्यावर सर्व उचलून नेले. झुलत्या पुलांवरून ओढे ओलांडून, पाऊण तासात आम्ही माथ्यावर आलो. दादा चहूकडे पाहत म्हणाला, "अगं, इथे तर काहीच नाही." खरोखर नव्हते. गवत होते, खडक होते, खाली नदीचे अनेक पदर होते, आणि सगळ्या बाजूंनी बर्फाचे डोंगर. टेकडी खोऱ्याच्या मधोमध असल्याने डोंगर कुठेही अंगावर येत नाहीत, सर्व बाजूंना सारखे दूर राहतात. राजधानीला लागते ते एवढेच, आणि ते बांधता येत नाही.

वारा इतका होता की वही उघडी धरायला दादाला दोन्ही हात लावावे लागले. मी रिवाजाप्रमाणे नोंदी केल्या : दुपारचे एक वाजून वीस मिनिटे, सूर्य उत्तरेला, वारा वायव्येकडून, कच्चा रस्ता अवजड गाड्यांना चालेल, शेवटचा टप्पा पायी. मग चार दिशांना चार छायाचित्रे घेतली. तीन दिशांना माणसाची एकही खूण आली नाही. चौथ्या छायाचित्रात, अगदी खाली, वाहनतळावर लावलेली आमची पांढरी गाडी ठिपक्याएवढी आली आहे.